दोन शब्द जोडते का?

“जोडत नाही ना? मग छान,” सरकारी ऑफिसातला कारकून फोनवर म्हणाला, तपासणीची तारीख सांगितली आणि फोन ठेवून दिला. मी तेव्हा एका नऊ मजली इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर उभा होतो, सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे, एका हातात ग्रीसने बरबटलेलं फडकं आणि दुसऱ्या हातात फोन. लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला मला एकोणीस वर्षं झाली. आयुष्याचा बराचसा भाग मी असा दोन मजल्यांच्या मधे काढलाय आणि तिथे मला कधी भीती वाटली नाही. पण ते ‘मग छान’ ऐकलं आणि पायाखालचा पत्रा हलल्यासारखं झालं. पत्रा हलला नव्हता. ब्रेक मीच लावला होता आणि नीट लावला होता. तरी लोखंडी दोर धरून मी मिनिटभर तसाच उभा राहिलो. कारकुनाचं बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्यासमोर अर्ज होता, अर्जात अकरावा प्रश्न होता, मूल दोन शब्द जोडून बोलतं का, आणि त्यापुढे ‘नाही’ असलं की माणसाचं काम होतं. त्याला बरं वाटलं, त्याने तसं सांगितलं. माझ्या मुलीबद्दल इतक्या मोकळ्या मनाने ‘छान’ म्हणणारा गेल्या दोन वर्षांतला तो पहिलाच माणूस, आणि म्हणाला कशाला, तर ह्याला.

मुलगी साडेपाच वर्षांची. तिला चांगलंसं नाव आहे, पण घरात ती ठकू. तिच्याजवळ चाळीसेक शब्द आहेत, सगळे सुटे. पाणी. बूट. नको. गेला. एका वेळी एक, आणि त्याचाही शेवट गिळलेला. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणायच्या, शब्द आहेत, आता जोड यायला हवी, एकदा ‘बूट दे’ आलं की पुढची गाडी आपोआप सुटते. ती जोड काही येत नव्हती. कान तपासले, उत्तम निघाले. समज तर अशी की आतल्या खोलीत आम्ही दबक्या आवाजात भांडलो तरी आम्ही बाहेर आल्यावर ती आधी आईचा चेहरा बघायची आणि मग माझा. सासूबाई म्हणायच्या, बोलेल हो, हिची आईसुद्धा उशिराच बोलली, आणि आता बघा. ते ‘आता बघा’ माझ्याकडे बघून. कामावर माझा जोडीदार आहे, त्याला सगळे पुढारी म्हणतात, कारण मशीन रूमच्या जिन्यावरही तो भाषण दिल्यासारखा बोलतो. तो एकदा डबा खाताना म्हणाला, तू घरी तोंडात मूग गिळून बसणार, मग पोरगी कुणाचं ऐकून बोलणार? चेष्टेत म्हणाला. पण मी डबा बंद केला. कारण ते खरं होतं. मी कमी बोलतो. माझे वडीलही कमी बोलायचे. पेपर वाचत असताना मी हाक मारली की पेपराच्या मागून फक्त ‘हं’ यायचं, आणि त्या ‘हं’वर मी वाढलो. पण मला बोलता तरी येत होतं. मी बोलत नाही ते माझ्या मर्जीने. तिचं तसं नाही. तिच्या ओठांपर्यंत काहीतरी येतं, ती तोंड उघडते, मान थोडी पुढे काढते, आणि मग ते परत जातं, आणि ती माझा हात धरून मला ओढत नेते आणि वस्तूवर माझंच बोट टेकवते. माझ्याच बोटाने ती मला काहीतरी दाखवते. असं दिवसातून वीस वेळा होतं, आणि त्यातल्या एकाही वेळेची मला सवय झालेली नाही.

शाळांचं म्हणाल तर तीन शाळांनी नाही म्हटलं. एकीने तर बोलायला लागली की आणा म्हणून सांगितलं. चौथ्या शाळेच्या मुख्याध्यापिका वेगळ्या निघाल्या. त्यांनी ठकूशी गप्पा मारल्या, म्हणजे बोलल्या त्याच, पण मधे थांबत होत्या, तिला जागा देत होत्या. मग मला म्हणाल्या, वर्गात बत्तीस मुलं आणि बाई एक, मी खोटा धीर देणार नाही. पूर्ण वेळ सोबतीची बाई मिळाली, जी तिच्या शेजारी बसेल, तिचं म्हणणं वर्गाला सांगेल आणि वर्गाचं तिला, तर जागा तिची, महिनाभर मी धरून ठेवते. सोबतीची बाई द्यायची ती त्या कारकुनाच्या ऑफिसने. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. दोन शब्द न जोडणाऱ्या मुलाला पूर्ण वेळ सोबत, ताबडतोब. जोडणाऱ्या मुलाला आठवड्यातून एक तास, तोही नंबर लागेल तेव्हा. नंबर वर्षभराने लागतो. म्हणजे जोडलं तर शाळा गेली. मग उरली ती शहराच्या दुसऱ्या टोकाची खास शाळा, जिथे जायला दीड तास आणि यायला दीड तास. आम्ही ती बघून आलो होतो. वाईट नव्हती, माणसं मायेची होती. पण ठकूच्या वयाच्या वर्गात अकरा मुलं होती आणि त्यांतलं एकही बोलत नव्हतं, आणि ठकू दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, आणि मग तिने माझ्या शर्टात तोंड खुपसलं. घरी येईपर्यंत तिने ते बाहेर काढलं नाही.

तारीख अकरा दिवसांवर होती. ह्या अकरा दिवसांबद्दल मी अजून कुणाशी बोललेलो नाही. दोन वर्षं घरात एकच धंदा होता, ठकूला बोलतं करायचं. बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर लोकांना गोळ्या जेवणाआधी की नंतर हे सांगून तिचा घसा बसलेला असतो, तरी घरी आल्यावर ती मॅडमनी दिलेले सराव घ्यायची. पेला वर ठेवायचा, हाताला लागणार नाही असा, आणि म्हणायचं, काय हवं? पाणी दे. म्हण, पाणी दे. भिंतीवर चित्रं, फ्रिजवर शब्दांची यादी, कपाटात ती जाडजूड फाइल, जिच्यात आमच्या मुलीबद्दलचे सगळे ‘नाही’ क्रमाने लावलेले. आम्ही नवराबायको म्हणून जे काही बोलत होतो ते हल्ली त्या फाइलीतूनच बोलत होतो. झेरॉक्स काढलीस का, सही राहिली, शिक्का राहिला. आणि कारकुनाच्या फोननंतर हे सगळं बंद पडलं. कुणी बंद कर म्हटलं नाही. मी घरी जाऊन तारीख सांगितली, अकराव्या प्रश्नाचं सांगितलं, बायकोने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पेला खाली होता, ठकूच्या हाताला लागेल असा. तिसऱ्या दिवशी मीही तिला काही विचारलं नाही. तिने तोंड उघडून मान पुढे काढली की मी पटकन ती वस्तू तिच्या हातात द्यायचो, काही म्हणायच्या आत. मला कळत होतं मी काय करतोय ते. रात्री डोळे मिटल्यावर मनात यायचं, अजून थोडेच दिवस गप्प राहा ग बाई, मग जन्मभर बोल. बापाने आपल्या लेकीसाठी काय मागावं आणि मी काय मागत होतो. घर असं शांत झालं की लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावरही इतकी शांतता नसते. तिथे निदान पाणी झिरपत असतं.

तपासणीच्या दोन दिवस आधी बायको म्हणाली, तू घेऊन जा, दुकानात माल मोजायचा आहे, मला सुट्टी नाही. मला आधी कळेचना. ह्याच कामासाठी तिने ऑफिसचे चौदा खेटे घातले होते, मालकाशी भांडून सुट्ट्या काढल्या होत्या, तिला तिथल्या शिपायाच्या मुलीचं लग्न कधी आहे ते माहीत होतं. आणि ऐन दिवशी माल मोजायचा? मी आवाज चढवला. म्हटलं, मला ह्यातलं काय कळतं, ते काही उलटसुलट विचारतील, तुझी फाइल तुलाच ठाऊक. ती भांडली नाही. मी चिडलो की ती दुप्पट चिडते हा आमचा ठरलेला हिशेब, पण त्या दिवशी ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली, तूच जा, तुझं तोंड बघून कुणाला काही कळत नाही. मला ते टोमण्यासारखं लागलं. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही, आणि आमच्या घरात ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याने गेलो. आपलं गिऱ्हाईक नसलेल्या लिफ्टमध्ये मी बसत नाही, तिचे आवाज ऐकून डोकं फिरतं. तपासणीच्या बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात, आवाज बसका आणि थकलेला, पण माणूस चांगलं. खोली लहान. मधे मुलांचं बुटकं टेबल, टेबलाच्या एका बाजूला दोन छोट्या खुर्च्या, समोर बाईंचं स्टूल, भिंतीला लोखंडी कपाट. ठकूला एका छोट्या खुर्चीत बसवलं, दुसरी रिकामी. मला मागे दाराशी बसायला सांगितलं. मधे बोलायचं नाही, खूण करायची नाही, शब्द पुरवायचा नाही. वर पंखा फिरत होता, त्याचं बेअरिंग गेलेलं होतं. बाईंनी चित्रं दाखवली, ठकूने अचूक बोट ठेवलं. बूट म्हणाली. पाणी म्हणाली. पाण्याचं काय करतेस, ह्यावर गप्प. बाईंनी एक चाक नसलेली गाडी पुढे केली, काय झालं ग हिला? ठकूने गाडी उलटी करून बघितली, माझ्याकडे वळून बघितलं, परत गाडीकडे. गप्प. घट्ट झाकणाचा डबा दिला, आत बिस्किटं दिसत होती. तिने जोर लावला, जमेना, डबा बाईंपुढे धरला. काय करू, बाईंनी विचारलं. गप्प. आणि प्रत्येक गप्पला मला आतून बरं वाटत होतं. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सांगण्यात काही अर्थ नाही. परीक्षेत आपलं मूल नापास होतंय आणि आपण मागे बसून खूश होतोय, आणि तळहाताला घाम आलाय तो आता पास झाली तर काय ह्या भीतीने. बाईंनी कागदावर दोन ठिकाणी खूण केली आणि पुढची पेटी काढायला त्या कपाटाकडे वळल्या. कपाटाचं दार करकरलं.

तेव्हा ठकू खुर्चीत मागे वळली. तिने माझ्याकडे बघितलं, मी इतका लांब, दाराशी, एकटा बसलेला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिने हात ठेवला. तोंड उघडलं, मान पुढे काढली, आणि ते परत गेलं नाही.

“बाबा इथे.”

‘थे’ नीट नव्हता, थोडा ‘ते’कडे झुकलेला. पण दोन होते, आणि मधे फट नव्हती. मी आवाजावर पोट भरणारा माणूस आहे. बंद दाराच्या आड, चार मजले खाली रोलर झिजला असेल तर मला वरून कळतं. कपाट करकरलं काय आणि पंखा घरघरला काय, मला शंका नव्हती. ती मला शेजारी बसायला बोलावत होती. साडेपाच वर्षांत तिने पहिल्यांदा दोन शब्द एकमेकांना जोडले होते आणि त्यांतला एक मी होतो. आणि बाई पेटी घेऊन वळल्या.

“काही म्हणाली का ती? कपाटामुळे मला नीट कळलं नाही.”

ह्या प्रश्नाला किती वेळ असतो? दोन सेकंद, तीन. तेवढ्यात मला ती खास शाळेतली अकरा मुलं दिसली, सगळी दाराकडे तोंड करून. मुख्याध्यापिका बोलताना मधे थांबत होत्या ते दिसलं. बायकोचे चौदा खेटे दिसले. एक शब्द जोडला तर सगळं जाणार होतं, आणि एकदा जोडला म्हणजे काही सगळं आलं असंही नव्हतं. उद्या ती परत गप्प झाली तर? वर्षभर नंबराची वाट बघत? हे मी आता इतकं नीट मांडतोय. तेव्हा काही मांडलं नव्हतं. तेव्हा फक्त माझं तोंड उघडलं, ते नेहमी उघडत नाही, पण तेव्हा अगदी सहज उघडलं.

“नाही,” मी म्हणालो. “ती असे आवाज करते.”

ठकूचा हात खुर्चीवर होता. तो तिने उचलला आणि मांडीवर ठेवला. मग ती टेबलाकडे वळली. रडली नाही, हट्ट केला नाही. बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, चष्मा लावला, काढला, म्हणाल्या, अजून थोडं बघू या. त्यांनी आणखी पाऊण तास बघितलं. बाहुली, भांडी, साबणाचे फुगे. ठकूने त्यानंतर सुटा शब्दही काढला नाही. बूट म्हणाली नाही, पाणी म्हणाली नाही. मागे वळून बघितलं नाही. शेवटी बाईंनी अकराव्या प्रश्नापुढे खूण केली, सही केली, आणि म्हणाल्या, पूर्ण वेळ सोबत मंजूर होईल, काळजी करू नका, पोरगी हुशार आहे. मी त्यांचे आभार मानले. दोनदा मानले.

बसमध्ये ठकू खिडकीशी बसली. मी शेजारी बसलो होतो, अगदी खेटून, पण आता त्याचा मला उपयोग नव्हता आणि तिलाही. मी मुख्याध्यापिकांना फोन केला, त्यांना खरोखर आनंद झाला, म्हणाल्या, मग सोमवारपासून पाठवा, सोबतीच्या बाई येईपर्यंत आम्ही सांभाळून घेऊ. मग बायकोला केला. तिने पहिलं काय विचारलं असेल? झालं का, मिळालं का, असं काही नाही. तिने विचारलं, काही बोलली का? मी म्हणालो, नाही. पलीकडे ती सुस्कारा सोडते तसं ऐकू आलं आणि मागे दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. संध्याकाळी कामावरून पुढाऱ्याचा फोन आला, पेढे कधी, म्हणे. मी म्हणालो, देईन.

बायको आली तेव्हा ठकू बाहेरच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून रंगवत होती. बायको तिच्या केसांवरून हात फिरवून आत आली, पिशवी ठेवली, तपासणीच्या बाईंच्या सहीचा कागद हातात घेऊन उभ्यानेच वाचला, परत वाचला. मी ओट्याला टेकून उभा होतो. मला ते पोटात ठेवता येईना. एकोणीस वर्षांत मी एकदाही बिघाड लपवून लिफ्ट चालू करून दिलेली नाही. मी म्हणालो, ती बोलली होती. बायकोने कागदावरून नजर उचलली नाही. मी सगळं सांगितलं, कपाट, खुर्ची, दोन शब्द, बाईंनी काय विचारलं आणि मी काय म्हणालो. मला वाटलं ती चिडेल, किंवा आनंदाने बाहेर धावेल, किंवा मला म्हणेल की बरं केलंस. ती स्टुलावर बसली आणि कागदाची घडी घालत राहिली, आधीच घडी असलेल्या कागदाची.

“मला गेल्या शनिवारीच म्हणाली होती,” ती म्हणाली. “‘आई बघ.’ बाल्कनीच्या दारात उभी होती. मी भांडी घासत होते. मी वळले नाही. नळ मोठा केला आणि घासत राहिले. मला वाटलं, मी बघितलं तर ती परत म्हणेल. रोज म्हणेल. मग तिथेही म्हणेल.”

मी नळाकडे बघितलं.

“मला त्या बाईंनी विचारलं असतं तर मला नाही म्हणता आलं नसतं. तुला माहीत नव्हतं, म्हणून तुला पाठवलं.”

“काय बघ म्हणत होती?” मी विचारलं.

“माहीत नाही. मी वळलेच नाही ना.”

बाहेर खडू कागदावर घासल्याचा आवाज येत होता. बायको रडत नव्हती, नुसती घडी दाबत होती, आणि मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता पण आम्ही इतक्या दिवसांत फाइलीखेरीज एकमेकांच्या हातात काही दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते कसं करतात तेच आठवेना. मग मी बाहेर गेलो आणि ठकूसमोर जमिनीवर बसलो. माझे गुडघे वाजले. ती रंगवत राहिली. कोण जाणे काय होतं, निळं होतं सगळं. मी म्हणालो, “ठकू, सकाळी तू मला बोलावलंस ना, ते मी ऐकलं होतं. मी त्या बाईंना खोटं सांगितलं.” बायको दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, “मी पण ऐकलं होतं ग. शनिवारी. काय बघायचं होतं? आता दाखवतेस?”

ठकूने मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आम्ही भांडून बाहेर आल्यावर चेहरे बघायची तसं नाही, त्याहून सावकाश, अनोळखी माणसांना बघतात तसं. मग तिने खडू बदलला आणि पुन्हा खाली वाकली. बायको येऊन माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, ती काही म्हणेल म्हणून, अंधार पडून दिवा लावायची वेळ झाली तरी, आणि ठकूला कागद दिसेनासा झाला तेव्हा तिने माझा हात धरला, मला उठवलं, आणि माझं बोट नेऊन दिव्याच्या बटणावर टेकवलं.